यापुढे आवश्यकता नाही

ऑक्टोबर आला की कुंभवलीच्या मागच्या शेतांत भात पिवळं पडतं आणि आमच्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती आल्याची पाटी उमटते. अद्ययावत करायचं का, असं तो विचारतो. मी हो म्हणते. मग काळ्या पडद्यावर नावांची रांग सरकत राहते आणि मी चहा ठेवायला उठते.

पूर्वी ती नावं वाचायचे. मोठ्यानं, माणसांसमोर. त्या ऑक्टोबरबद्दल लिहायचं आहे.

आमच्या संघटनेचं कार्यालय म्हणजे बोईसरजवळ कुंभवलीत पंक्चरच्या दुकानामागची पत्र्याची खोली. आत दोन टेबलं, एक चटई आणि भिंतीला लावलेले जुन्या पत्रकांचे गठ्ठे, ज्यांच्यावर लोक बसतात. मी पालघरजवळच्या माहीमची. घरी वाडी आहे, नारळ आणि पानवेली आहेत, आणि आई शेजारणींना सांगते की पोरगी बोईसरला कॉम्प्युटरचं काहीतरी करते. मी पत्रकं लिहिते. समुद्रात सोडलेल्या पाण्यावर, विहिरीच्या रंगावर, गॅसनं कोसळलेल्या कंत्राटी कामगारांवर. पत्रकात आधी मुद्दा येतो, मग राग, मग मागणी. त्याच हातानं हे लिहिते आहे. राग मात्र बराचसा वापरून झाला आहे, तेव्हा त्याची जागा रिकामी दिसली तर दिसू द्या.

कुंभवलीत वास येतो असं सगळे म्हणतात. मला येत नाही. सुरुवातीला यायचा, गोडसर, कुजलेल्या फणसात कुणी रॉकेल ओतावं तसा. संध्याकाळी वारा पडला की तो खोलीत येऊन बसायचा आणि जेवणात उतरायचा. मग एक दिवस येईनासा झाला. कारखाने तेच, चिमण्या त्याच. नाकानं नोंद घेणं सोडलं. आता पालघरहून कुणी नवीन माणूस आला आणि त्यानं दारातच रुमाल काढला की मला कळतं, आज वास आहे. तो डोळे चोळत विचारतो, “तुम्ही इथे राहता कसे?” मी म्हणते, “बसा.”

तर तो ऑक्टोबर. दांडीच्या किनाऱ्यावर, गावाच्या उत्तरेला, बोंबील सुकवायची एक जागा होती. वाळूत बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये दोर ताणायचे आणि दोरांवर बोंबील लटकवायचे. त्या मांडणीला वलांडी म्हणतात. पावसाळ्यात बोटी बंद असतात, त्यामुळे वलांडी उतरवून बांबू घरामागे ठेवतात. जागा तेव्हा मोकळी दिसते. कुत्री बसतात तिथं, पोरं क्रिकेट खेळतात. एका कंपनीला माल साठवण्यासाठी आवार हवं होतं. त्यांनी सर्वेक्षण केलं ते पावसाळ्यात. अहवालात लिहिलं, मोकळी जागा, वापर नाही.

हे चुकून झालं असं मला कुणी सांगू नये.

त्या जागेवर ज्या बायकांच्या वलांडी होत्या, त्यांत जयवंती काकी होत्या. नवरा बोटीवर होता तोवर नवऱ्याचा आणि नंतर मुलाचा बोंबील त्याच वाळूत सुकवत आलेल्या. ग्रामसभा दिवाळीनंतर होणार होती. तिच्यासमोर कंपनीचे अधिकारी येऊन माहिती देणार होते, चित्रफितीसह. काकी बसमधून उतरून तडक आमच्या खोलीत आल्या, पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “ते फिलिम दाखवनार तर आपन पन दाखवू. आमचा बोंबील दाखवू. मंग बोला म्हनावं वापर नाय.”

इतकं साधं होतं ते. दिवाळीच्या आत फिल्म झाली तर जागेच्या नोंदीवर हरकत घेता येणार होती, नाही झाली तर काकी कागदाविरुद्ध तोंडानं बोलणार होत्या. आणि कागदाविरुद्ध तोंड कुठवर पुरतं ते आम्हाला ठाऊक होतं.

पण आमचा लॅपटॉप त्याच पावसाळ्यात मेला होता. म्हणजे चालू व्हायचा, निळा व्हायचा आणि बंद पडायचा. त्यातली विंडोज कुणीतरी कुठूनतरी आणून टाकलेली, तिचा परवाना नव्हता, ती रोज तसं सांगायची. निलेश आमच्यातला. तारापूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर मीटर दुरुस्तीचं काम करतो, आणि बाकीच्या वेळात आमच्याकडे भांडणं दुरुस्त करतो. त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

“विंडोज काढून लिनक्स टाकतो,” तो म्हणाला.

“त्यात मराठी येतं?”

“सगळं मराठीत येतं. आणि कुणाच्या बापाचं नाही. लोकांनी लिहिलेलं, लोकांसाठी.”

“तू पत्रक का लिहीत नाहीस?” मी म्हटलं.

“तू मीटर दुरुस्त करणार असशील तर लिहितो.”

शेजारच्या खोलीत रामप्रसाद राहतो, उत्तर प्रदेशातला, रंगाच्या कारखान्यात पाळीनं जातो. तो दारात उभा राहून दात घासत बघत होता. “मैडम, ये तो बहुत झमेला है,” तो म्हणाला. “मेरे मोबाइल में तो एक बटन दबाओ, हो गया।”

“बटन दाबल्यावर काय होतं ते सांगतं का तो?” निलेशनं विचारलं.

“बताके क्या करेगा? हो तो जाता है ना।”

त्या ऑक्टोबरात मला रामप्रसादचा राग आला होता. आता मी त्याच्यासारखीच बटन दाबते.

लिनक्सशी पहिली ओळख झाली ती पासवर्डातून. काहीही नवीन टाकायचं म्हटलं की तो पासवर्ड मागतो. मी टाइप करायला घेतला आणि पडद्यावर काहीच उमटेना. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत. मला वाटलं कीबोर्ड गेला. मी कळा जोरात दाबल्या, पुन्हा पुसलं, पुन्हा दाबल्या. निलेश हसला. म्हणाला, “दिसत नाही, पण घेतो. तू लिहीत जा.” खरंच घेतला. न दिसता लिहिलेलं त्यानं अक्षर न् अक्षर ओळखलं आणि दार उघडलं. मी तोवर कित्येक सुनावण्यांना उभी राहिले होते, माईकवर बोलले होते, समोर बसलेला माणूस पेन हलवतानाही दिसला होता. तिथलं एक अक्षर कुणी घेतलं नव्हतं. मी अजून पडद्याकडेच बघत होते. निलेशला वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं.

भाताचा वास असा असतो: कापणीच्या दिवसांत सकाळी दव असेपर्यंत ओल्या पोत्यासारखा, ऊन चढलं की भाजलेल्या पिठासारखा. डोंगराकडची माणसं कापणीला खाली यायची, शेताच्या कडेला चूल मांडायची, दुपारी बांधावर आडवी व्हायची. खोलीच्या खिडकीतून एक शेत दिसायचं, त्याच्या पलीकडे कारखान्याची भिंत, भिंतीपलीकडे वाफ. विळे चालताना खसखस आवाज यायचा. त्या आवाजात मी फिल्म जोडायचा प्रोग्राम उतरवून घेत होते, फोनच्या नेटवर, आणि नेट दर थोड्या वेळानं बसकण मारत होतं. शुक्रवारी देखभालीसाठी वीज गेली ती दिवसभर आली नाही. शनिवारी पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग संमती विचारणारी पाटी आली.

आमच्याकडे एक रीत आहे. जुन्यांनी घालून दिलेली, आम्ही पाळतो. कुठलाही कागद खोलीत आला तर तो सगळ्यांसमोर मोठ्यानं, पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. मगच सही किंवा अंगठा. या भागात न वाचता दिलेल्या अंगठ्यांवर काय काय उभं राहिलं आहे ते रेल्वेच्या पुलावर चढून चारी दिशांना पाहिलं तरी दिसतं. त्या दुपारी खोलीत काकी होत्या, त्यांच्याबरोबर दांडीच्या आणखी काही बायका होत्या. लॅपटॉपनं संमती मागितली. पुढे जायचं आहे का, हो किंवा नाही. मी सवयीनं वाचायला लागले.

प्रोग्राम एकटा येत नाही. त्याला इतर लहान प्रोग्रामांचे गठ्ठे लागतात, त्यांना पॅकेज म्हणतात. ती सगळी नावं मी वाचली. जवळजवळ प्रत्येक नाव ‘लिब’ या अक्षरांनी सुरू होणारं.

“एका घरातली दिसतात,” एक बाई म्हणाली.

“आडनाव हाय ते,” काकी म्हणाल्या. “वाच पुडे.”

पुढे वाचलं: खालील पॅकेजेस काढून टाकली जातील.

खोलीत सुपाऱ्या कातरणं थांबलं.

“कोनाला काडतायत?” काकींनी विचारलं.

मी नावं वाचली. त्याखाली लिहिलं होतं, यापुढे यांची आवश्यकता नाही.

“कोन बोलतं आवश्यकता नाय?”

“काकी, ते प्रोग्राम आहेत,” निलेश म्हणाला. “जुने आहेत. नव्याशी जमत नाहीत त्यांचं.”

“तेंना विचारलं काय?”

“अहो, त्यांना काय विचारणार?”

“मंग तू ‘नाय’ दाब, पोरी.”

हसू नका. मीही हसले नाही. मी नाही दाबलं. आम्ही तत्त्वानं दाबलं ते. कुणालाही हटवायचं नाही, हे आमच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापलेलं वाक्य होतं आणि ते माझंच होतं. लॅपटॉप म्हणाला, रद्द केले. एवढंच. वाद नाही, पोलीस नाहीत, तालुक्याच्या साहेबांना फोन नाही. नाही म्हटलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. बायका खूश झाल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “हे बरं हाय गो. आयकतं तरी.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. निलेश पाळी संपवून आला की डोक्याला हात लावायचा. “काकी, फिल्म करायचीय की नाही तुम्हाला?”

“करायचीय.”

“मग हे काढावं लागेल.”

“तेच्याशिवाय कर.”

“होत नाही तसं.”

“कंपनीवाला पन हेच बोलतो. तेच्याशिवाय होत नाय.”

निलेश लाल झाला. मग शांत झाला. मग त्यानं जे केलं ते मला आजही नीट आठवतं. तो म्हणाला, “ठीक आहे. आधी यातलं एकच काढून दाखवतो, आणि परत आणून दाखवतो. परत आलं तर माना.” त्यानं एक नाव काढलं. नंतर दुसरी आज्ञा दिली आणि ते परत आणलं. मी तपासलं. होतं, जिथल्या तिथं, जसंच्या तसं.

काकींनी विचारलं, “हेच व्हतं ना? दुसरं तर नाय ठेवलं त्या नावाचं?”

“हेच.”

“परत येतं म्हनजे.”

“कधीही येतं.”

काकींनी बाकीच्या बायकांकडे पाहिलं. त्यांनी माना हलवल्या. “मंग काड,” त्या म्हणाल्या. “परत येतं तेला काडायला काय.”

मी हो दाबलं. लिबांची रांग सरकली. खिडकीबाहेर भाताचे भारे डोक्यावर घेऊन माणसं बांधावरून चालली होती, एकामागे एक.

मग आम्ही दांडीला गेलो, फोनवर चित्रण करायला. बोटी लागल्या होत्या. बोंबील टोपल्यांतून ओतले की पाण्यासारखेच दिसतात, आतून उजेड जातो त्यांच्या. बायका वाळूत बसून दोन दोन बोंबील उचलायच्या आणि एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायच्या. अशी जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. एकटा बोंबील दोरावर राहत नाही. मी कॅमेरा धरला होता आणि डोक्यात लिबं चालू होती. या पॅकेजला ते लागतं, त्याला आणखी एक लागतं, एक सुटलं तर दुसरं खाली. निलेशनं दिलेलं लिनक्सचं पुस्तक वाचून जे मला समजलं नव्हतं ते तिथं दोरावर लोंबत होतं, वाऱ्यावर हलत होतं, आणि त्याच्यातून समुद्र दिसत होता.

बायका कॅमेऱ्यासमोर लाजल्या नाहीत. शिव्या देत होत्या एकमेकींना. “तुजं तोंड नको दाखवू, अधिकारी पलेल.” “पलू दे, तेच पायजे.” त्या शिव्या मी फिल्ममध्ये तशाच ठेवल्या. मागे संगीत घातलं नाही. घालता येत नव्हतं, त्यासाठी आणखी काहीतरी उतरवावं लागत होतं.

ग्रामसभा शाळेत झाली. आधी कंपनीची फिल्म झाली, त्यात हिरवळ होती आणि हसणारी मुलं होती, दांडीतली नव्हेत. मग आमची. भिंतीवर वलांडी दिसल्या आणि सगळी शाळा बोलायला लागली. बाया आपापले दोर ओळखत होत्या. पुरुष मागे उभे होते, तेही पुढे सरकले. फिल्म संपली. अधिकारी तरुण होता, माझ्याच वयाचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. तो मनापासून म्हणाला, “छान केलीय. कुठल्या सॉफ्टवेअरवर केलीत?”

निलेशनं सांगितलं. माणूस विचारतो तर सांगावं, असा तो. अधिकाऱ्यानं नाव लिहून घेतलं. त्या सभेत त्यानं लिहून घेतलेली ती एकच गोष्ट, मी समोर उभी होते, मी पाहिलं.

मग काकी उठल्या. म्हणाल्या, “साहेब, आता बघितलंत ना? वापर हाय.”

“हो मावशी,” तो म्हणाला. “पण नोंद सर्वेक्षणाच्या दिवसाची धरतात. त्या दिवशी नव्हता.”

“पावसात कोन सुकवतं?”

“तेच तर.”

ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला. सगळे हात वर गेले. उन्हाळ्यात त्या जागेभोवती भिंत आली. आम्ही दाद मागितली आहे, तारखा पडतात. हे वाक्य मी इतक्या जागी इतक्या वेळा लिहिलं आहे की लिहिताना हात थांबत नाही. भिंतीसाठी पहिला खड्डा खणला त्या दिवशी मी तिथं होते. ओरडायला हवं होतं. पत्रकात तसंच लिहिलं नंतर, तीव्र निषेध वगैरे. पण खरं सांगायचं तर मी जेसीबीच्या दातांना लागलेली वाळू बघत होते, आणि दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच ओठ दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं वाटत होतं. चावलं तरी कळणार नाही असं. अजून तसंच आहे. निलेश म्हणतो, उतरेल. कुठली सुई इतकी टिकते ते मला माहीत नाही.

निलेशही आता कमी येतो. त्याचं कंत्राट बदललं, पाळी बदलली. आला तर लॅपटॉप उघडून आधी बघतो की मी अद्ययावत ठेवलाय की नाही. “गुणी बाळ आहेस,” म्हणतो. मी सांगत नाही की मी वाचणं सोडलं आहे. काढून टाकली जातील, हे वाक्य अजूनही येतं, डोळ्यांसमोरून जातं. यापुढे आवश्यकता नाही, हेही येतं. मी हो दाबते. आमच्या पत्रकांच्या तळाचं वाक्य मात्र आम्ही बदललेलं नाही. छापायला तयार असतं, म्हणून राहतं.

गेल्या आठवड्यात, ही नवी आवृत्ती बसल्यावर दोन दिवसांनी, काकी आल्या. आता त्या घराच्या स्लॅबवर बोंबील सुकवतात. स्लॅब खालून भाजतो, वरून ऊन लागतं, आणि बोंबील मधे ओला राहतो. गिऱ्हाईक मोडून बघतं आणि परत ठेवतं. बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसल्या होत्या, तिथून आल्या. पाटी निम्मी भरलेलीच होती. पाणी प्यायल्या. माझ्या आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, “ती फिलिम हाय ना अजून?”

“आहे, काकी.”

“लाव जरा.”

नव्या आवृत्तीत जुनं कधी कधी उघडत नाही. मला तशी भीती वाटायला हवी होती. उघडली. बोटी आल्या, टोपल्या आल्या, बायकांच्या शिव्या आल्या, आणि त्यातल्या एका शिवीला काकी थोड्या हसल्या. मग वलांडी आल्या, एकामागे एक, शेवटपर्यंत. रामप्रसाद दारात येऊन उभा राहिला होता, तोही बघत होता. ही जागा कुठली, असं त्यानं विचारलं.

“थांबव,” काकी म्हणाल्या.

मी थांबवली. काकी उठल्या, पदराला हात पुसून पडद्याजवळ आल्या. त्यांना चष्मा लागतो पण त्या आणत नाहीत. बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग एका दोरावर बोट ठेवलं.

“ह्यो सैल हाय.”

“कुठला?”

“ह्यो. मधे लोंबलाय बघ. वारा सुटला का सगले वालूत.”

मी वाकून पाहिलं. खरंच किंचित खाली आला होता तो दोर. इतक्या वेळा ती फिल्म पाहिली, कापली, जोडली, मला दिसलं नव्हतं.

“पुढे लावू?” मी विचारलं.

“थांब जरा,” काकी म्हणाल्या. त्यांचं बोट पडद्यावरून दोराच्या टोकाकडे, बांबूच्या गाठीकडे सरकत गेलं. “आदी ह्यो तानून घेऊ.”